सात काड्या केशर

शेळीचं दूध काढल्याबरोबर कोमट असतं. ते निवायच्या आत केशर त्यात पडलं पाहिजे, असं आईला कुणीतरी सांगितलं होतं. त्यामुळे त्या वर्षी होळीपासून आखाजीपर्यंत मी रोज पहाटे शेजारच्या जिजींच्या गोठ्यापाशी वाटी घेऊन उभी असायचे. जिजी वाटीत दोन धारा सोडायच्या आणि दर वेळी तेच म्हणायच्या, "ने व मडम, तुह्या अक्काच्या गालाले."

मडम हे माझं गावातलं नाव. नाना, म्हणजे आमचे वडील, भुसावळला रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते. रेल्वेतल्या लोकांच्या मुलांसाठी तिथे इंग्रजी शाळा होती, तिच्यात त्यांनी मला घातलं. मी शाळेची शेवटची परीक्षा दिली त्याच वर्षी नाना नोकरीतून सुटले आणि आम्ही रावेरजवळ आमच्या गावी राहायला आलो. गावात आमची थोडी केळीची बाग होती. शाळेत मी गावठी होते आणि गावात मडम. दोन्हीकडे गप्प बसलं की निभतं, हे मी लवकर शिकले होते.

दूध आणलं की सहाण धुऊन पुसायची. तिच्यावर केशराच्या सात काड्या ठेवायच्या, दुधाचे चार थेंब टाकायचे आणि चंदनाच्या खोडाने हलक्या हाताने उगाळायचं. जोर लावला तर काडी नुसती चिरडते, रंग सोडत नाही. हळू उगाळलं की आधी पिवळं, मग नारिंगी होत जातं आणि वास येतो. गोड म्हणावा तर कडवट, कडवट म्हणावा तर गोड. काड्या सातच का, ते कुणाला ठाऊक नव्हतं. उगाळणारी आणि लावणारी मुलगी बिनलग्नाची असली पाहिजे, हेही सांगणाऱ्याने सांगितलं होतं. घरात तशी मी एकटीच. म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

लावायचं होतं अक्काला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. धुळ्याला देवपुरात दिलेली. तिचे यजमान, म्हणजे माझे भाऊजी, सरकारी कचेरीत होते. बोलायला कमी, पण माणूस वाईट नव्हता. मी सुट्टीत तिच्याकडे गेले की ते मला पांझरेच्या पुलापर्यंत फिरायला न्यायचे आणि वाटेत इंग्रजीत एखादा प्रश्न विचारायचे. मी उत्तर दिलं की स्वतःच खूश व्हायचे. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी अक्काला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यापासून तिच्या चेहऱ्यावर डाग उठायला लागले. दोन्ही गालांवर, नाकाच्या दोन्ही अंगांना, चहा सांडून वाळल्यासारखे. बाळ झालं, पण ते राहिलं नाही. डाग राहिले.

जळगावच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं होतं, "वांग आहे. बाळंतपणात पुष्कळ बायकांना येतो. दुसरंतिसरं काही नाही." पण अक्काच्या सासूबाईंच्या मनात ते दुसरंतिसरंच बसलं होतं. त्यांच्या माहेरच्या गावात म्हणे एका बाईच्या अंगावर असाच एक डाग उठला, आणि पुढे तिची बोटं झडली. डॉक्टरांचा निरोप नानांनी जाऊन सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "डाक्टरले काय! त्याले थोडंच तिना हातनं खानं शे?"

दिवाळीला अक्का माहेरी आली. दिवाळीनंतर तिला न्यायला कुणी आलं नाही. संक्रांत गेली. पोस्टकार्डं जात होती, येत होती, आणि येणाऱ्या प्रत्येक कार्डात तिच्या तब्येतीची चौकशी होती, न्यायला येण्याची तारीख नव्हती.

आता आखाजी होती पुढे. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. सगळ्या सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके घेतात, आणि आठ दिवसांत सासरचं माणूस येऊन ज्याची त्याची परत घेऊन जातं. त्या आठवड्यात एसटीच्या थांब्यावर कोण चढलं आणि कोण चढलं नाही, हे साऱ्या गावाला दिसतं. दिवाळीत आलेली मुलगी आखाजीनंतरही घरातच दिसली, तर लोक तिच्याबद्दल विचारायचं सोडून देतात. विचारत होते तोवर बरं होतं, असं मग वाटायला लागतं. आईला याचीच भीती होती. आखाजीच्या आत अक्काचा चेहरा नितळ झाला पाहिजे, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

आधी हळद झाली, डाळीचं पीठ झालं, जायफळ उगाळून झालं, मसूर दुधात वाटून झाली. मग कुणीतरी केशराचं नाव काढलं.

केशर आणायला नाना मला बरोबर घेऊन जळगावला गेले. डबीवर इंग्रजी असतं, ते मी वाचून बघावं म्हणून. दुकान अत्तराचं होतं. दुकानदार म्हातारे मुसलमान गृहस्थ, कानात अत्तराचा फाया खोचलेला. त्यांनी डबी पुढे ठेवली. मी वाचली. माल शुद्ध असल्याचं तीनदा लिहिलं होतं, उपयोग काय ते एकदाही नाही.

"करडईच्या पाकळ्या नाहीत ना यात?" नानांनी विचारलं. आमच्याकडे गव्हाच्या बांधाला करडई असतेच. तिच्या वाळक्या पाकळ्या लांबून केशरासारख्याच दिसतात.

चाचा हसले. त्यांनी पेल्यात पाणी घेतलं आणि एक काडी सोडली. "बघा. करडई असेल तर लगेच पाणी पिवळं होईल. हे थांबून थांबून रंग सोडेल, आणि काडी लालच राहील." आम्ही तिघं पेल्यावर वाकून बघत राहिलो. काडीपासून एक बारीक पिवळा धागा खाली उतरला. काडी लालच होती.

"कशासाठी पाहिजे साहेब? खिरीसाठी?"

नाना चाचरले. "मुलीच्या चेहऱ्याला. वांग आहे."

चाचांनी डबी कागदात गुंडाळता गुंडाळता माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे काही नाही म्हटल्यावर नानांकडे पाहिलं. "याने कातडी मऊ होईल. कोरडेपणा जाईल, चमक येईल. बारीक पुरळ असेल तर बसेल. डाग जातील असं मी नाही म्हणणार. ते वरच्याच्या हातात."

परत येताना गाडीत नाना मला दोनदा म्हणाले, "कातडी मऊ होईल, चमक येईल म्हणाले, नाही का?" मी हो म्हटलं. चाचा पुढे काय म्हणाले, ते मीही ऐकलं होतं. पण ते नानांना पुन्हा ऐकवणारी मी कोण, असं वाटलं. त्या दिवसानंतर आईच्या डाव्या हातात पाटली दिसली नाही. तेही मी विचारलं नाही.

पहाटे अक्का पाटावर बसायची, डोळे मिटून. मी उजव्या हाताच्या अनामिकेने तिच्या कपाळापासून सुरुवात करायचे. आधी कपाळ, मग नाक, मग गाल. डागांवर दोनदा. दूध वाळून कातडी ओढायला लागली की तिच्या तोंडाचा कोपरा किंचित हलायचा. तेवढा वेळ आम्ही बोलायचो नाही. लहानपणी ती माझी वेणी घालायची तेव्हाही आम्ही बोलत नव्हतो, पण तेव्हा मी रडत असायचे. आता तिच्या मिटलेल्या पापण्यांखाली डोळे हलताना मला दिसायचे, आणि ती काय बघते आहे, ते विचारायची माझी हिंमत नव्हती.

एकदाच ती डोळे मिटूनच म्हणाली, "तुझी बोटं गार आहेत."

"दूध गार झालंय."

"नाही. तुझी बोटं. लहानपणापासून." मग थोड्या वेळाने, "यांना केशराचा वास आवडतो. श्रीखंडात घातलेलं."

मी तिच्या गालावर आणखी एक हात फिरवला.

केशराने काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवसांत तिची कातडी बदलली. थंडीत तिच्या गालांची सालपटं निघत होती, ती गेली. हनुवटीवरचं पुरळ बसलं. बोट फिरवताना आधी खरखर लागायची, ती लागेनाशी झाली. तोंड धुतल्यावरही कातडीवर एक उजळ छटा राहायची, आणि ती जवळून गेली की वास यायचा. केशर जे करतं ते त्याने केलं. आणि महिनाभरात डागही फिकट व्हायला लागले. खरंच झाले. मी रोज एका वितीवरून बघत होते, माझी चूक होणं शक्य नव्हतं. चहाच्या डागाचा आधी दुधाळ चहा झाला, मग नुसती सावली.

सगळं घर सैल झालं. आई पदर खोचून सांडग्या-कुरडयांना लागली. जिजी एक दिवस मुद्दाम बघायला आल्या. त्यांनी अक्काची हनुवटी धरून तिचं तोंड इकडून तिकडे फिरवलं.

"माय व! गोरी दिसू राह्यली पोर. मडम, मले बी लाव थोडं."

अक्का म्हणाली, "जिजी, तुमच्या गालांना लावायचं तर डबी नाही, पोतं लागेल."

जिजी एवढ्या हसल्या की त्यांना खांब धरावा लागला. दिवाळीपासून अक्काने केलेला तो पहिला विनोद होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने तोंडाला पदर लावला, पण हसू दाबायला नाही.

एक गोष्ट मात्र होती. अक्काचा उजवा गाल जितका उजळला, तितका डावा नाही. लोकांच्या दृष्टीस पडू नये म्हणून होळीपासून तिला घराबाहेर सोडलं नव्हतं. ती दिवसभर माजघरात असायची. दादर ज्वारी निवडायची, वाती वळायची, माझे जुने झगे उसवून पिशव्या शिवायची. माजघराला एकच खिडकी, पूर्वेची, आणि उजेडासाठी अक्का ती डाव्या हाताला घेऊन बसायची. मला वाटलं, माझाच हात डावीकडे हलका पडत असेल. उजव्या हाताने लावायचं तर डावा गाल अडनिडा येतो. म्हणून मी कुणाला न सांगता आठवी काडी घ्यायला लागले, फक्त डाव्या गालासाठी. आठव्या काडीनेही काही झालं नाही. हेही मी कुणाला सांगितलं नाही.

आखाजीला दहा-बारा दिवस राहिले तेव्हा नानांनी मला ओट्यावर बोलावलं. पुढ्यात कोरं पोस्टकार्ड, हातात टाक.

"तू रोज जवळून बघतेस. तुझी आई बोलते ते आशेने बोलते. तू खरं सांग. कमी झालेत?"

"हो. पुष्कळ."

"लिहू मग?"

डावा गाल माझ्या जिभेवर आला होता. पण पुष्कळ कमी झालेत हेही खरंच होतं, आणि नाना माझ्याकडे असे बघत होते, जणू मालधक्क्यावर एखादी पेटी सुखरूप उतरली की नाही ते मी सांगणार होते. मी म्हटलं, "लिहा."

त्यांनी लिहिलं, चेहरा स्वच्छ झाला आहे, देवाची कृपा आहे, आखाजीनंतर सवडीने न्यायला यावे. चार दिवसांनी उलट कार्ड आलं. आखाजीपासून पाचव्या दिवशी येतो. खाली जावयाची सही होती. अक्काने ते कार्ड दिवसभर पोलक्यात ठेवलं. संध्याकाळी परत नानांच्या पत्रांच्या तारेला लावलं तेव्हा ते घामाने वाकलं होतं.

आखाजीच्या दिवशी सकाळी घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवून पूजा झाली. आईने मला त्या दिवशी अकरा काड्या घ्यायला सांगितल्या. अक्काने हिरवं लुगडं नेसलं. आणि आई तिला म्हणाली, "जा आता. झोक्यावर जा. बघू दे सगळ्यांना."

नैवेद्यासाठी केळीची पानं कमी पडली, म्हणून मी नानांबरोबर बागेत गेले. बागेत नानांचं दुसरंच काम चाललं होतं. वैशाखाचं ऊन केळीच्या घडाला सोसत नाही. म्हणून आमच्याकडे केळीचीच वाळकी पानं घेऊन घड झाकतात, खोडाच्या सोपटाने बांधतात. दर उन्हाळ्यात करतात, त्यात नवं काही नाही. बागेत कामाला येणारा बाबा पानं बांधत होता आणि नाना त्याच्यावर ओरडत होते.

"ही बाजू उघडी राहिली बघ. तेवढीच काळी पडली."

मी पुढे जाऊन बघितलं. घडाची झाकलेली बाजू हिरवी, नितळ होती. पश्चिमेला एका जागी पान सरकलं होतं आणि तिथल्या केळ्यांवर काळपट तपकिरी पट्टा उठला होता. चहा सांडून वाळल्यासारखा.

मी तिथेच, उन्हात उभी राहिले. नाना म्हणाले, "काय गं, ऊन लागलं का? सावलीत ये."

डावा गाल. खिडकी. होळीपासून घरात, उन्हाआड कोंडलेली अक्का. सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. मी पानं काखेत धरून जवळजवळ धावतच घरी निघाले. मारुतीच्या देवळाच्या मागे मोठा निंब होता, त्याला झोके बांधलेले. लांबूनच मला हिरवं लुगडं दिसलं.

झोका निंबाच्या सावलीतून सुटायचा, पुढे लांबवर उन्हात जायचा आणि परत सावलीत यायचा. अक्का उभ्याने झोका घेत होती. समोर तिची लहानपणची मैत्रीण. दोघींनी पाय लावून झोका इतका उंच नेला होता की खालच्या पोरी किंचाळत होत्या. अक्काचा पदर डोक्यावरून मागे गेला होता. ती गात होती. मोठ्याने, तोंड वर करून. मी तिला असं गाताना तिच्या लग्नाआधी ऐकलं होतं.

"ये व मडम!" कुणीतरी ओरडलं. "झोक्यावर बसता येतं का इंग्रजीत?"

सगळ्या हसल्या. अक्काही हसली, वरून माझ्याकडे बघून. मी हात वर केला. मला म्हणायचं होतं, अक्का, खाली उतर, पदर घे, उन्हात जाऊ नकोस. पण हे मी कशावरून म्हणणार होते? केळीच्या घडावरून? पंचवीस बायकांच्या देखत, तिच्या डागांचं नाव काढून? मी वर केलेला हात खाली घेतला आणि पानं घरी नेऊन दिली. घरी आईला म्हटलं, "अक्का उन्हात आहे."

आई पुरणात गुंतली होती. "असू दे गं. किती दिवसांनी गेलीय."

अक्का त्या दिवशी दिवसभर झोक्यावर होती. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी बायका नदीवर गेल्या, तिथेही. तिसऱ्या दिवशी पहाटे मी केशर लावायला बसले तेव्हाच मला दिसलं होतं. सावली गडद झाली होती. मी जास्त लावलं. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही गाल सारखेच झाले होते. डावा-उजवा असा फरक आता राहिलाच नव्हता. अक्काने आरशात पाहिलं आणि आरसा परत खुंटीला लावला. मग ट्रंक भरायला घेतली.

त्या दिवशी मी आईला सांगितलं. नानांनाही. उन्हाचं सांगितलं, खिडकीचं, घडाचं. एका दमात इतकं मी घरात कधी बोलले नव्हते. नाना ऐकून म्हणाले, "केळीचं वेगळं, माणसाचं वेगळं. माणसाला ऊन लागून डाग पडत असते तर बागेतल्या बायका काय दिसल्या असत्या?" आई म्हणाली, "दृष्ट लागली. त्या जिजीने हनुवटी धरून बघितलं ना, तेव्हाच." आणि मीठ-मिरच्या घेऊन उठली.

पाचव्या दिवशी दुपारच्या एसटीने सासूबाई आणि भाऊजी आले. भाऊजींनी माझ्यासाठी इंग्रजी गोष्टींचं एक जुनं पुस्तक आणलं होतं. ते त्यांनी मला दिलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवून बसले. अक्काची ट्रंक दाराशी तयार होती. अक्का डोक्यावरून पदर पुढे ओढून पाणी घेऊन आली.

सासूबाईंनी पेला घेतला, पण प्यायल्या नाहीत. "दारजोडे उभी ऱ्हाय, पोरी. उजेडमा."

अक्का दाराशी गेली. सासूबाईंनी उठून स्वतःच्या हाताने तिचा पदर मागे सारला. हळूच सारला, ते मला आठवतं. बाहेरचं ऊन अक्काच्या तोंडावर पडलं.

"कागदमा तं लिखेल व्हतं, बठ्ठं साफ व्हयनं."

"झालं होतं," नाना म्हणाले. "चार दिवसांपूर्वी बघितलं असतंत तर... हिला विचारा. ही रोज जवळून बघते."

सगळे माझ्याकडे वळले. भाऊजीही. मला वाटतं, त्या घटकेला मी जे काही बोलले असते ते त्यांनी मानलं असतं. त्यांना मानायचं होतं. ते पुढे सरकूनच बसले होते. माझ्या मनात सगळं तयार होतं, खिडकी, घड, झोका. पण कालच माझ्याच वडिलांनी ते खोडून काढलं होतं, आणि आता ते माझ्याच तोंडाकडे बघत होते. माझ्या तोंडून एवढंच निघालं, "आम्ही केशर लावत होतो."

"केसर?" सासूबाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. अनामिका दीड महिन्याच्या रंगाने नखापर्यंत पिवळी होती. "केसर तं आम्ही देवले लावतस, माय."

त्या आणखी काही वाईट बोलल्या नाहीत. जेवल्या, पण हातात स्वतःचा पेला होता, पिशवीतून आणलेला. जाताना म्हणाल्या, "आखो थोडा दिन ऱ्हाऊ द्या. आमनं काही म्हननं नही. दिवाईले देखू."

ट्रंक दारात आडवी होती. सासूबाईंना निघायला वाट नव्हती. भाऊजी खाली वाकले. क्षणभर मला वाटलं, उचलतात. अक्कालाही वाटलं असणार, कारण तिने चपलेत पाय घातला होता. भाऊजींनी ट्रंकेची कडी धरली आणि ती भिंतीकडे सरकवली, स्वतःच्या आईला जाता यावं इतकी. मग सरळ उभे राहिले, हात पुसले आणि मला म्हणाले, "पुस्तक वाच."

अक्काने पाय चपलेतून काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठले नव्हते. आईने येऊन हलवलं. तिच्या हातात वाटी होती आणि डबी. डबीत तळाला थोड्या काड्या उरल्या होत्या.

"ऊठ. दिवाळीपर्यंत वेळ आहे. नाना दुसरी डबी आणतील."

मी जिजींच्या गोठ्यावर गेले. जिजींनी दूध दिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदाच काही म्हटलं नाही. घरी येऊन मी सात काड्या मोजल्या, उगाळल्या. अक्का पाटावर बसली होती, डोळे मिटून, खिडकीच्या उजेडात. मी उठले आणि खिडकीची दारं ओढून घेतली. निदान एवढं तर मला करता येत होतं.

माजघरात अंधार झाला. अक्काने डोळे उघडले नाहीत.

आई आतून आली, मला ओलांडून खिडकीपाशी गेली आणि तिने दोन्ही दारं भिंतीपर्यंत उघडली.

"अंधारात काय लावतेस?" ती म्हणाली. "फरक पडतोय का ते दिसायला नको?"

उजेड अक्काच्या डाव्या गालावर आला. मी बोट केशरात बुडवलं.